घरी बसून शेवटपर्यंत पाहिलेले सिनेमे (भाग २)

तलावपाळीकर | शनिवार, रात्री ११:४०

मागचा धागा फार लांबला, पान उघडायलाच वेळ लागायला लागला, म्हणून हा नवा.

एकच अट आहे. घरी पाहिलेला आणि शेवटपर्यंत पाहिलेला सिनेमाच इथे लिहायचा. थिएटरात माणूस तिकिटाचे पैसे वसूल करायला तरी बसून राहतो. घरी रिमोट हातात असतो, फोन मांडीवर असतो आणि बेल कधीही वाजते. एवढं सगळं असून ज्याने उठू दिलं नाही त्याचं नाव सांगा. कोणाबरोबर पाहिला तेही लिहा, कारण एकट्याने बघायचा सिनेमा आणि सासऱ्यांसोबत बघायचा सिनेमा यात फरक असतो.

सुरुवात मी करतो. 'थ्री ऑफ अस'. अविनाश अरुण यांचा, हिंदी. शैलजाची स्मृती हळूहळू जायला लागली आहे. ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते, जिथे तिचं लहानपण गेलं. तिथे शाळेतला जुना मित्र भेटतो. शेफाली शाह, जयदीप अहलावत आणि नवऱ्याच्या भूमिकेत स्वानंद किरकिरे. कथा म्हणून एवढंच. पण बायको जुन्या मित्राशी बोलतेय, नवरा शेजारी बसलाय, त्याला सगळं समजतंय आणि तरी तो तमाशा करत नाही. या अवघडलेपणात जो कडवट विनोद आहे तो किरकिरेंनी कमाल धरलाय. आकाशपाळण्यातला प्रसंग तर मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. बायको म्हणाली, "कोकणात एवढा शांत समुद्र फक्त सिनेमातच असतो, सुट्टीत गेलं की आपल्याला गाड्यांची रांगच दिसते."

दुसरा 'वाळवी'. त्यावर नंतर लिहितो, झोप येतेय.

सेक्टर१९ची_काकू | रविवार, सकाळी ८:१५

तुम्ही झोपा, 'वाळवी'वर मी लिहिते. कोपरखैरणेत आमच्याकडे सासू, सासरे, दीर, मुलं असे सगळे मिळून बघितला आणि कोणी मधे उठलं नाही. सासरे सुद्धा! ते एरवी बातम्यांची वेळ झाली की रिमोट काढून घेतात.

परेश मोकाशींचा सिनेमा. नवरा, बायको, नवऱ्याची मैत्रीण आणि एक खुनाचा बेत जो ठरल्याप्रमाणे होत नाही. यापुढे एक शब्द सांगणार नाही. स्वप्नील जोशी इतका घाबरट आणि लबाड मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि अनिता दाते तर काय सांगू. २०२२ सालचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार यालाच मिळाला. लांबीला आटोपशीर आहे, जेवण झाल्यावर लावला तर वेळेत झोपता येतं. मराठीत लोक शेवट ताणतात, इथे ताणलेला नाही.

घोडबंदरचा_गांजलेला | रविवार, सकाळी १०:०२

मी कासारवडवलीला राहतो. ऑफिसहून घरी पोचेपर्यंत अर्धं आयुष्य मेट्रोच्या पत्र्यांकडे बघण्यात जातं. त्यानंतर मला हळू सिनेमा नको. स्पष्ट सांगतो, मी दीडपट वेगाने बघतो. सगळे मिळून 'द डिसायपल' इतका डोक्यावर घेतात म्हणून लावला. माणूस गातो, मग दुचाकीवर जातो, मग परत गातो, मग परत दुचाकी. दीडपटीतही संपेना. अट पाळायची तर मी हा शेवटपर्यंत पाहिलेलाच नाही, पण ज्यांनी पाहिला त्यांनी काय पाहिलं ते तरी सांगा.

पंचम_नौपाडा | रविवार, दुपारी १२:३०

दादा, दीडपट वेगात ख्याल ऐकलात तर दुसरं काय होणार! तो विलंबित आहे, म्हणजे संथ लयीतला, तालाचं एक आवर्तन सरायला वेळ लागतो, तीच तर गंमत.

त्या दुचाकीच्या प्रसंगांबद्दल सांगते. रात्री मुंबईच्या रिकाम्या उड्डाणपुलावरून शरद, म्हणजे आपला नायक, चाललाय, कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू 'माईं'ची जुनी टेप. माई पडद्यावर दिसतच नाहीत, फक्त आवाज. गाण्यासाठी काय काय सोडावं लागतं, लोभ कसा मारावा लागतो, असं सगळं त्या बोलतात. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि त्याच महिन्याच्या शेवटी सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. ते माहीत असताना तो आवाज ऐकणं मला जड गेलं.

आता सिनेमा काय सांगतो? की गुरू खरा, रियाज खरा, निष्ठा खरी, आणि तरीही गळ्यात ते नसू शकतं. आमच्या क्लासमध्ये हे कोणी मोठ्याने बोलत नाही. शरद झालेले आदित्य मोडक स्वतः तयारीचे गायक आहेत, आणि त्यांना पडद्यावर बेताचं गायचंय! चांगल्या गायकाने जेमतेम गाणं किती कठीण असतं ते गाणाऱ्याला विचारा. गुरुजी झालेले अरुण द्रविड हेही जयपूर घराण्याचे प्रत्यक्ष गायक. म्हणून तंबोरा लावण्यापासून मांडी घालून बसण्यापर्यंत काहीच खोटं वाटत नाही. गुरुजींचे पाय चेपून देणारा, त्यांची बिलं भरणारा शिष्य मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे.

व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक उगाच मिळालेलं नाही. पण मान्य, दमून आल्यावर बघायचा हा सिनेमा नाही. रविवारी सकाळी, हेडफोन लावून, एकट्याने.

नेरूळ_पश्चिम | रविवार, दुपारी १२:४४

त्याचं आडनाव नेरुळकर आहे हे कोणीच लिहिलं नाही? शरद नेरुळकर! आमच्या गावाचा माणूस व्हेनिसला गेला आणि सोसायटीच्या ग्रुपवर साधा फॉरवर्ड नाही.

घोडबंदरचा_गांजलेला | रविवार, दुपारी १:१०

पंचमताई, तुमचं लिहिणं वाचलं, सिनेमापेक्षा आवडलं. तरी दुचाकी फारच आहे.

दुपारचा_चहा | रविवार, दुपारी ४:२०

तलावपाळीकरांशी मी असहमत आहे, जरा सविस्तर लिहिते.

माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. ती आमच्याकडेच असते, वाशीला. 'थ्री ऑफ अस' सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण त्यात आजार अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि सिनेमा तिथेच थांबतो. बाई शांत, समजूतदार, घरही शांत. आजाराचं ते रूप बघायला बरं वाटतं. आमच्याकडे संध्याकाळ झाली की आई "मला घरी जायचंय" म्हणून दाराची कडी काढायला लागते, आणि ती घरातच असते. ते यात नाही.

ते 'अस्तु'मध्ये आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. मोहन आगाशे निवृत्त संस्कृत पंडित झालेत. मुलगी त्यांना गाडीत बसवून थोडा वेळ कामाला जाते, तेवढ्यात ते रस्त्याने चाललेल्या हत्तीच्या मागे निघून जातात. दिवसभर शोधाशोध. पण माझ्या दृष्टीने सिनेमा शोधाचा नाहीच, तो मुलीचा आहे. इरावती हर्षेने ती केलीय. वडिलांवर चिडणं, चिडल्याबद्दल स्वतःवर चिडणं, बहिणीशी फोनवर 'मीच का' हा वाद, आणि मनात कुठेतरी येऊन गेलेला विचार की आता सापडलेच नाहीत तर? हा विचार पडद्यावर आणायला धाडस लागतं. आमच्या घरी तो विचार कोणी बोलून दाखवणार नाही.

आणि माहुताच्या बायकोच्या भूमिकेत अमृता सुभाष. तिला या माणसाची विद्वत्ता, पद, काहीच माहीत नाही. समोर एक म्हातारं लेकरू आहे, त्याला भूक लागलीय, एवढंच तिला कळतं. ती त्याला भरवते. या कामासाठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

मी हा आईबरोबर पाहिला. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, कोणी सुचवलंही नव्हतं. ती बराच वेळ बघत होती. हत्ती आला की हसायची. मधेच मला म्हणाली, "यांच्या घरी कोणी नाही का?" ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी आधी स्वतः एकट्याने बघावा, मग ठरवावं. काही घरांत तो त्रासच देईल.

तलावपाळीकर | रविवार, संध्याकाळी ५:०५

चहाताई, तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. दोन्ही सिनेमांनी एकच काम करायला हवं असं नाही. 'थ्री ऑफ अस'मध्ये आजार हे निमित्त आहे. आठवणी असतानाच त्यांच्याशी हिशेब करून घ्यावा, अशी ती गोष्ट आहे. त्यातली शैलजा रोज संध्याकाळी कडी काढायला लागली असती तर तो वेगळा सिनेमा झाला असता. 'अस्तु' मात्र मी पाहिलेला नाही, आता बघणार.

दुपारचा_चहा | रविवार, संध्याकाळी ५:३०

बघा आणि मग भांडू.

सेक्टर१९ची_काकू | रविवार, रात्री ९:१२

आता एक गंमत. मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन' लावला. खाली अक्षरं इंग्रजी. सासूबाईंना इंग्रजी वाचता येतं, पण एवढ्या झपाट्यात नाही. मग माझी लेक शेजारी बसून मराठीत सांगत होती. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "तू गप्प बस, मला कळतंय."

आणि खरंच कळत होतं. त्या सिनेमात बोलणं कमी आणि कापणं, वाटणं, तळणं, खरकटं काढणं जास्त. ताटाभोवती टाकलेला शेंगांचा चोथा, हाडं, आणि ते सगळं हाताने गोळा करणारी सून. सासरा म्हणतो भात चुलीवरचाच हवा, कपडे यंत्रात नकोत. आणि ते गळणारं सिंक! खाली बादली, त्यात घाण पाणी, नवऱ्याला रोज सांगतेय प्लंबरला बोलव, तो रोज विसरतो. दिग्दर्शक जिओ बेबीने पार्श्वसंगीत जवळजवळ ठेवलेलंच नाही, सगळा आवाज भांड्यांचा. आमच्या घरात सिनेमातली भांडी वाजतायत की आपली हेच मधेमधे कळत नव्हतं.

सासूबाईंचा शेरा: "आधी त्या पाइपाला चिंधी बांध की बाई, मग रड." पण शेवटाकडे त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी चहाचा कप स्वतः उचलून ठेवला. पुढे चालू राहिलं की नाही ते विचारू नका.

याचाच हिंदी अवतार 'मिसेस', सान्या मल्होत्राचा. तोही ठीक आहे, पण स्वयंपाकघर फार चकचकीत. मूळच बघा.

अर्धी_कटिंग | रविवार, रात्री १०:०१

अक्षरांवरून आठवलं. बऱ्याचदा ओटीटीवर मराठी सिनेमाला मराठीतच अक्षरं का नसतात? माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं. त्यांना मराठी सिनेमा इंग्रजी अक्षरं वाचत बघावा लागतो. देवनागरीत नाव टाकून शोधलं तर समोर भलतंच येतं. रोमनमध्ये स्पेलिंग अंदाजाने टाकायचं, वाळवीत ए एक की दोन? आणि पैसे भरून वर जाहिराती.

धागापाल | रविवार, रात्री १०:१५

तक्रारी रास्त, पण त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे सिनेमे. आणि कृपया शेवट फोडू नका, 'वाळवी'वरचा एक प्रतिसाद नुकताच उडवावा लागला.

कळवा_कारशेड | सोमवार, सकाळी ७:५० (गाडीतून)

जुना सिनेमा चालेल ना? 'डोंबिवली फास्ट', २००५. निशिकांत कामत यांचा. काल परत पाहिला, मुलाबरोबर. तो आता कॉलेजात आहे.

माधव आपटे, बँकेत नोकरी, डोंबिवलीत घर. सरळ माणूस. लाच, रांग मोडणारे, भाव वाढवून घेणारे, असं सगळं सहन करत करत एक दिवस डोकं फिरतं आणि तो हातात बॅट घेऊन शहरभर फिरतो. संदीप कुलकर्णी. हाच माणूस 'श्वास'मध्ये तो शांत डॉक्टर होता, विश्वास बसत नाही. सुरुवातीला त्याचा रोजचा दिनक्रम तेच तेच शॉट लावून दाखवलाय: पाणी, डबा, गाडी, बँक, गाडी. मी हे आत्ता गाडीत उभा राहून लिहितोय, एक पाय आत, एक कोणाच्या तरी बॅगेवर. अजून काय सांगू?

तेव्हा थिएटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी पण. काल मुलगा म्हणाला, "बाबा, हा माणूस लोकांना मारतोय, तुम्ही खूश का होताय?"

अर्धी_कटिंग | सोमवार, सकाळी ९:३०

मुलगा बरोबर बोलला. चिडायला हवं तिथे हा चिडतो, पण मार खातो तो पुष्कळदा त्याच्यासारखाच छोटा माणूस. व्यवस्थेच्या वरच्या टोकाला त्याची बॅट पोचत नाही.

कळवा_कारशेड | सोमवार, दुपारी १:४०

पण दिग्दर्शकाला ते कळतंय असं मला वाटतं. त्याच्या मागावर असलेला पोलीस बघा. तोही मध्यमवर्गीयच, त्यालाही आपटे मनातून पटतो आणि तरी पकडायचा आहे. टाळ्या आपण वाजवल्या, सिनेमाने मागितल्या नव्हत्या. कामत यांनी हाच सिनेमा तमिळमध्ये माधवनला घेऊन केला, आणि पुढे हिंदी 'दृश्यम' केला. तिथेही साधा माणूस आणि कायदा समोरासमोर. माणूस २०२० मध्ये गेला, फार लवकर.

कोर्टनाका | सोमवार, रात्री १०:५०

कायद्याचा विषय निघालाच आहे तर 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे, 'डिसायपल'वालेच. मी वकिली करतो, ठाण्यातच. घरी बायकोला म्हटलं, बघ, मी दिवसभर काय करतो ते यात आहे. बघून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे काहीच करत नाहीस."

एका लोकशाहिरावर खटला: तुझ्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. आरोपच असा की हसावं की रडावं. पण कोणी आरडाओरड करत नाही. साक्षीदार काहीतरी बोलतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात, आणि कागदावर जे उतरतं तेच खरं. ते लिहून घेण्याची लय हुबेहूब आहे. बाही नसलेला टॉप घातला म्हणून एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात. बघताना मी मोठ्याने हसलो, कारण रिकाम्या हातांनी परत जाणारी माणसं मी रोज बघतो. मग तारीख. मग तारीख.

सरकारी वकील झालेली गीतांजली कुलकर्णी बघाच. कोर्टात शाहिराला शिक्षा मागते, मग लोकलने घरी, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सुट्टीत कुटुंबाबरोबर नाटकाला जाते. ती दुष्ट नाही. त्या नाटकात प्रेक्षक कशावर हसतायत ते ऐका. आपल्या गडकरी किंवा घाणेकर नाट्यगृहात आपण कशा कशावर हसतो, ते मला बघताना आठवलं आणि अवघडल्यासारखं झालं. शाहीर झालेले वीरा साथीदार प्रत्यक्षात चळवळीतलेच होते. २०२१ मध्ये करोनाने गेले.

घोडबंदरचा_गांजलेला | सोमवार, रात्री ११:२०

परत ताम्हाणे! यात दुचाकी आहे का?

कोर्टनाका | सोमवार, रात्री ११:२२

नाही. तारखा आहेत. तुम्हाला चालतील.

नेरूळ_पश्चिम | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

मुलगा नऊ वर्षांचा. कार्टून सोडून काही सुचवा. अट: मारामारी नको, आणि मलाही झोप येता कामा नये.

पंचम_नौपाडा | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

'चिल्ड्रन ऑफ हेवन', माजिद मजिदी. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात, मग दोघं एकच जोडी वापरतात. ती सकाळच्या शाळेत, तो दुपारच्या, मधे गल्लीत बुटांची अदलाबदल. त्याला शर्यतीत तिसराच नंबर हवा असतो, कारण तिसऱ्याचं बक्षीस बूट. फारसी कळायची गरज नाही, मुलं पळत असतात.

आणि 'किल्ला'. हाही अविनाश अरुण यांचाच. वडील गेलेत, आईची कोकणात बदली, नवी शाळा, नवे मित्र. पावसात मित्र त्याला किल्ल्यात एकटा सोडून जातात तिथे माझा भाचा माझ्या मांडीवर चढून बसला होता. घाबरट मूल असेल तर शेजारी बसा. बर्लिन महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने याला क्रिस्टल बेअर पारितोषिक दिलं होतं, त्यामुळे मुलांना आवडतो याचा पुरावा आहे. पण आईची, म्हणजे अमृता सुभाषची, बाजू तुम्हाला जास्त दिसेल.

वागळे_जुना_रहिवासी | मंगळवार, रात्री १०:३०

छाया कदमबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? 'फँड्री'तली जब्याची आई, 'लापता लेडीज'मधली स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई, आणि 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मधली पार्वती. शेवटचा मी गेल्या आठवड्यात घरी पाहिला. दिग्दर्शन पायल कपाडिया, २०२४ च्या कान महोत्सवात ग्राँ प्री पारितोषिक.

दोन मल्याळी नर्स आणि पार्वती ही हॉस्पिटलातली स्वयंपाकीण, रत्नागिरीकडची. नवरा गेलाय. वर्षानुवर्षं ज्या खोलीत राहिली तिचा कागद तिच्याकडे नाही. बिल्डरची माणसं येतात. कागद नाही म्हणजे तुम्ही इथे नव्हताच. आमच्या वागळे इस्टेटच्या चाळीत पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत, भाडेपावत्या शोधताना लोकांनी कपाटं उपसली, त्यामुळे हे बघताना आम्ही घरचे सगळे टीव्हीकडे आणि मग एकमेकांकडे बघत होतो. रात्री ती मैत्रिणीला घेऊन बिल्डरच्या होर्डिंगला दगड मारते. माझ्या आईने सोफ्यावर बसून "अजून एक मार" म्हटलं.

पुढे सगळे कोकणात जातात आणि सिनेमा बदलतो, थोडा स्वप्नासारखा होतो. तो भाग आईला नाही आवडला. तिचं म्हणणं, खोलीचं काय झालं ते दाखवायला हवं होतं. मला आवडला.

सेक्टर१९ची_काकू | मंगळवार, रात्री १०:४८

तुमच्या आईंचं बरोबर आहे. खोलीचं काय झालं?

वागळे_जुना_रहिवासी | मंगळवार, रात्री १०:५५

गेली. आमचं अजून ठरायचंय.

कळवा_कारशेड | बुधवार, सकाळी ७:४८

जुन्यातलं अजून एक: 'सिंहासन', १९७९. जब्बार पटेल, पटकथा तेंडुलकर, गोष्ट अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून. निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस. आता पाहिला तर वाटतं गेल्या महिन्यातल्या बातम्या आहेत, फक्त टेलिफोन काळे आहेत. सरनाईकांचा मुख्यमंत्री किती कमी बोलतो ते बघा.

अर्धी_कटिंग | बुधवार, सकाळी ९:०५

पण प्रत बघून निवडा. नेटवर काही जुन्या सिनेमांच्या प्रती वरून खालून कापलेल्या असतात, माणसांची कपाळं गायब. 'सिंहासन'मध्ये कपाळाला आठ्या हाच अर्धा अभिनय आहे. वडिलांसाठी मी बाहेरचा स्पीकर लावतो, जुन्यांचा आवाज टीव्हीच्या स्पीकरवर खोल विहिरीतून आल्यासारखा येतो.

तलावपाळीकर | बुधवार, रात्री १०:३५

'अस्तु' पाहिला. चहाताई, भांडण आहे. सविस्तर उद्या लिहितो, पण मुद्दा असा की मुलीवर सिनेमा जरा कडक आहे. जावई आणि धाकटी बहीण फार स्वस्तात सुटतात.

दुपारचा_चहा | बुधवार, रात्री १०:४१

खऱ्या घरांतही सुटतातच. लिहा उद्या, मी आहे.